मुलांच्या हातात गेम जरूर द्या, पण शेजारी समुपदेशक बसवा

शालेय शिक्षण विभाग आणि सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन यांना खुले पत्र

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी लातूर शहरात समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे शाळेतली आठवी-नववीची मुलं येतात, तशीच नीट आणि जेईईसाठी नांदेड, बीड, परभणी, हिंगोलीकडून इथं येऊन राहिलेली अकरावी-बारावीची आणि रिपीटर मुलंही येतात. एका खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा, दर आठवड्याला टेस्ट आणि टेस्टनंतर लागणारी रँकची यादी. लातूर पॅटर्नचं यश सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच पॅटर्नमध्ये झोप उडालेली, जेवणावरची वासना गेलेली, घरचा फोन उचलायला घाबरणारी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात.

पत्र लिहायचं कारण असं, की शाळा आणि कोचिंग क्लासमध्ये ‘मानसिक आरोग्याचं ॲप’ आता वेगानं शिरतंय. संस्थाचालकांना ते सोयीचं वाटतं. माणूस नेमायला नको, पगार नको, प्रत्येक मुलाला एक लॉगिन दिलं की जबाबदारी संपली. आणि त्याच इमारतीच्या जिन्यात ‘मोबाईल गेम म्हणजे व्यसन’ असा फलकही टांगलेला असतो. या दोन्ही भूमिकांनी मुलांचं नुकसान होतंय. गेम हे समुपदेशनाचं चांगलं साधन होऊ शकतं, पण ते हाताळणारा माणूस जवळ नसेल तर त्यातून फार थोडं हाती लागतं. आपण याबाबत धोरण ठरवाल तेव्हा या दोन्ही गोष्टी सोबत धराव्यात, ही माझी विनंती आहे.

आधी खोलीतलं काम कसं चालतं ते सांगते. मुलाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सतरा वर्षांचा एक रिपीटर मुलगा. वडिलांनी पाठवला म्हणून आलेला. सुरुवातीच्या भेटींत त्याच्या तोंडून “काही नाही मॅडम” आणि “ठीक आहे मॅडम” यापलीकडं काही निघालं नाही. फिजिक्सचे मार्क सलग घसरत होते. टेस्ट झाली की दोन-तीन दिवस तो पुस्तकच उघडत नसे. पेपर परत बघितलास का, असं विचारलं की मान खाली. रात्री मात्र तो गावाकडच्या मित्रांबरोबर फ्री फायर मॅक्स हा मोबाईलवरचा बंदुकांचा गेम खेळायचा आणि वडिलांची मुख्य तक्रार तीच होती. मी त्याला फोन काढायला सांगितला. म्हटलं, एक मॅच खेळ, मी बघते. त्याला आधी खरंच वाटेना. दोनदा विचारून त्यानं खात्री करून घेतली.

मॅच सुरू झाली आणि मुलगा बोलायला लागला. कुठं उतरायचं, आधी गन शोधायची की आडोसा, झोन लहान होत आला की कुठल्या बाजूनं आत शिरायचं, हे सगळं तो मला समजावत होता. काही मिनिटांत तो गेममध्ये मेला. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. चिडचिड नव्हती, फोन आपटणं नव्हतं. ज्यानं मारलं त्याचा पुढचा खेळ तो शांतपणे बघत बसला. हे काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, “बघतो ना मॅडम, कुठून हाणलं ते. त्यो त्या घरावर होता, मी उघड्यावरनं पळालो.” आणि लगेच दुसरी मॅच लावली.

हरल्यावर आपला खेळ तपासायचा, त्यातून एक गोष्ट उचलायची आणि पुन्हा बसायचं, हे कौशल्य त्याच्याकडं आधीपासून होतं. टेस्टच्या बाबतीत ते बाहेर काढायला तो धजत नव्हता, कारण तिथल्या प्रत्येक चुकीला ‘मी नालायक आहे’ हा अर्थ चिकटलेला होता. पुढच्या भेटीला तो पेपर घेऊन आला. ‘कुठून हाणलं’ या त्याच्याच प्रश्नानं आम्ही एकेक उत्तर पाहिलं. सूत्र कुठं विसरलं, आकडेमोड कुठं घाईत झाली, येत नसताना कुठं ठोकून दिलं. ठोकून दिल्यामुळं निगेटिव्ह मार्किंगमध्ये गेलेले मार्क वेगळे काढले, तेव्हा ते बरेच निघाले. त्यानं स्वतःच कागदावर लिहिलं की पुढच्या टेस्टला येत नसलेले प्रश्न सोडायचे. घटना आणि तिला आपण चिकटवलेला अर्थ वेगळे करून बघणं हा वर्तन-बोधात्मक उपचारपद्धतीचा गाभा आहे. तोच मी फळ्यावर आकृती काढून शिकवला असता तर त्यानं “ठीक आहे मॅडम” म्हणून विषय मिटवला असता.

त्या दिवशी गेममुळं मला त्याची एक बाजू दिसली, जी प्रश्न विचारून दिसली नसती. आम्हा दोघांना बोलायला एक समान विषय मिळाला. एवढंच झालं, आणि ते पुष्कळ होतं.

खेळातून मुलाच्या मनापर्यंत पोहोचणं ही बालमानसशास्त्रातली जुनी वाट आहे. मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड यांनी १९२०च्या दशकात मुलांवरच्या उपचारात खेळ आणला. बाहुल्या, माती, वाळूचा ट्रे, चित्रं ही साधनं आजही आम्ही वापरतो. पण चौदा वर्षांचा मुलगा बाहुलीला हात लावत नाही. त्याचा खेळ फोनवर आहे, आणि त्याच्यापर्यंत जायचं असेल तर आपल्याला तिथं जावं लागेल.

आता खास उपचारासाठी बनवलेल्या गेमबद्दल. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या सॅली मेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याची लक्षणं असलेल्या किशोरांसाठी ‘स्पार्क्स’ नावाचा गेम तयार केला. मूल आपलं पात्र निवडतं आणि सात प्रांतांतून प्रवास करतं. वाटेत निराश विचारांचे किडे अंगावर येतात, त्यांना ओळखून परतवायचं असतं. एका प्रांतात शरीर सैल सोडायला शिकायचं, दुसऱ्यात अडचणीचे तुकडे पाडायला, आणखी एकात राग आणि दुखावलेपण हाताळायला. गेम बनवणारी कंपनी माओरी मालकीची होती आणि माओरी मुलांना तो परका वाटू नये याची काळजी घेतली गेली. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १२ ते १९ वयोगटातली १८७ मुलं होती. काहींना हा गेम दिला, काहींना नेहमीची मदत, म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष समुपदेशन. गेम त्या मदतीपेक्षा उणा ठरला नाही. चाचणीचे नियम पूर्ण पाळलेल्या मुलांत, नैराश्य ओसरलेल्यांचं प्रमाण गेमच्या गटात ४३.७ टक्के होतं, दुसऱ्या गटात २६.४ टक्के.

हे आकडे ॲप विकणारे लोक आवडीनं सांगतात. त्याच अभ्यासातला पुढचा आकडा मात्र ते सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. चाचणीत गेम मिळालेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्क्यांनी सातही पातळ्या पूर्ण केल्या. तिथं मुलांची नोंद ठेवणारं, विचारपूस करणारं कुणीतरी होतं. २०१४ पासून हा गेम न्यूझीलंडमधल्या सगळ्यांसाठी मोफत खुला झाला. आपणहून नोंदणी करून एकट्यानं खेळणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत गेलेली मुलं फारच थोडी निघाली. गेम तोच, सरकारी पाठबळही तेच. विचारणारं माणूस कमी झालं.

याच्या उलट बाजूचा अनुभव आपल्या शेजारी गोव्यात आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘संगत’ ही संस्था, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. गेली अनेक वर्षं ही संस्था एक गोष्ट दाखवून देते आहे, की मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक व्यक्तीही समुपदेशनाचं बरंचसं काम चांगलं करू शकतात. याच संस्थेनं गोवा आणि दिल्लीतल्या शाळकरी मुलामुलींना सोबत घेऊन ‘पॉड ॲडव्हेंचर्स’ नावाचा स्मार्टफोनवरचा गेम तयार केला. कल्पना अगदी साधी: अडचण नेमकी काय ते ओळखा, पर्याय काढा, एक निवडून करून पाहा. गोष्टीतली पात्रं शाळेतल्या मुलांसारखी, त्यांच्या अडचणीही तशाच. अभ्यासाचा ताण, मैत्रीतली भांडणं, घरातले वाद. गोव्यातल्या माध्यमिक शाळांत तो समुपदेशकाच्या सोबतीनं थोड्याशा बैठकांत दिला गेला. मुलं आपणहून नाव द्यायला आली आणि नाव दिलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी तो पूर्ण केला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळं परिणामांबद्दल फार मोठी विधानं करू नयेत. पण मुलं येतात, टिकतात, आणि समुपदेशक सोबत असला की काम पुरं होतं, इतकं त्यातून नक्की कळतं. पणजी लातूरहून न्यूझीलंडइतकी लांब नाही. आपल्या विभागातले अधिकारी तिथं जाऊन हे काम करणाऱ्यांशी बोलले तर निम्मे प्रश्न तिथंच सुटतील.

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयातला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. वाहन अपघातातून आलेले ७१ रुग्ण, अपघात होऊन सहा तास उलटायच्या आत. त्यांतल्या काहींना आधी अपघाताचा प्रसंग थोडक्यात मनात आणायला सांगितला आणि मग टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा साधा गेम खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांसमोर अचानक उभी राहणारी अपघाताची दृश्यं दुसऱ्या गटापेक्षा कमी होती. हा प्रयोग करणाऱ्या एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मांडणी अशी, की दृश्य आठवण पक्की होताना मनाची जी शक्ती खर्च होते, तीच रंगीत ठोकळे जुळवताना वापरली जाते, म्हणून आठवणीचा जोर कमी पडतो. टेट्रिस कुठल्याही फोनवर मिळतो. उपचार मात्र वेळ, क्रम आणि समोर बसलेली प्रशिक्षित व्यक्ती या तिन्हींनी मिळून घडला.

आता पालकांचा प्रश्न. “ज्यानं पोरगं बिघडलं, त्याच गेमनं ते सुधारणार होय?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. गेमिंगचा विकार खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तो आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत अशा रुग्णांसाठी ‘शट क्लिनिक’ २०१४ पासून चालतं. पण त्या वर्गीकरणाची अट नीट वाचली पाहिजे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं किंवा वाढणं, आणि या सगळ्यामुळं शिक्षण, घर, नाती यांची गंभीर हानी होणं, साधारणपणे किमान बारा महिने. रात्री अकरा ते बारा मित्रांबरोबर खेळणारा हॉस्टेलवरचा मुलगा यात बसत नाही. अनेकदा तो तास म्हणजे त्याच्या दिवसातला गावाशी जोडलेला एकमेव तास असतो. तो हिसकावून घेतला की मुलगा सुटत नाही, आणखी एकटा पडतो.

ज्या मुलाला खरंच हा विकार आहे, त्याला गेममधून उपचार देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला वेगळी मदत लागते. आणि पैसे लावून खेळायच्या गेमबद्दल तर बोलायलाच नको. रमीच्या नादात बापाच्या खात्यातले पैसे घालवून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचं मी मनापासून स्वागत करते. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या सामाजिक व शैक्षणिक गेमना प्रोत्साहन द्यायचंही ठरवलं आहे. उपचाराच्या गेमना महाराष्ट्रात जागा करून द्यायची असेल तर कायद्याची वाट तयार आहे.

यापुढचं मी सर्वांत काळजीनं लिहिते आहे. बोलणाऱ्या ॲपबद्दल.

हॉस्टेलवरची एक मुलगी, बारावीची. तिच्या फोनमध्ये मनमोकळं बोलण्यासाठीचं एक ॲप होतं. ती रात्री त्याच्याशी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, जशी सगळी मुलं लिहितात. एका रात्री तिनं लिहिलं, ‘आता माझ्याच्यानं होत नाही, सगळं संपवावं वाटतंय.’ उत्तर आलं ते काम वेळेत संपवण्याच्या सूचनांचं. कामाचे छोटे टप्पे करा, मधे विश्रांती घ्या, संपलं की स्वतःला शाबासकी द्या. तिनं तो फोन खोलीतल्या मैत्रिणीपुढं धरला. मैत्रिणीला त्या वाक्याचा अर्थ क्षणात कळला. ती रात्रभर तिच्यापाशी बसून राहिली आणि सकाळी तिला घेऊन माझ्याकडं आली. मुलगी आज बरी आहे.

मैत्रिणीच्या जागी त्या खोलीत कुणीच नसतं तर, हा विचार मी आपल्यावर सोपवते. यंत्राशी मन मोकळं करायची ओढ माणसाला पहिल्यापासून आहे. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा अगदी साधा संवाद-प्रोग्राम जाहीर केला, तेव्हाही लोक त्याच्याजवळ खाजगी गोष्टी बोलू लागले आणि खुद्द वायझेनबाउम अस्वस्थ झाले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद करावा लागला, कारण खाण्याचा विकार असलेल्यांनाच तो वजन कमी करायचे सल्ले देत होता. हे इंग्रजीत घडलं, जिथं भाषेचा अडसर नव्हता. आमच्या मुलांची मराठी पुस्तकी नाही. ती ‘डोकं आउट झालंय’ म्हणतात, ‘जीव नको झालाय’ म्हणतात, ‘घरच्यांना तोंड कसं दाखवू’ म्हणतात. यातलं कुठलं वाक्य नुसतं वैतागाचं आणि कुठलं धोक्याचं, हे समोर बसून, आवाज ऐकून ठरवावं लागतं. म्हणून, मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण इथल्या मुलांच्या बोलण्यावर तपासून घेतल्याशिवाय कुठलंही बोलणारं ॲप शाळेत येऊ देऊ नका. आणि जे येईल त्यात धोक्याची शंका येताच त्या मुलाला जिवंत माणसाकडं पोहोचवायची सोय असू द्या. टेली-मानस या सरकारच्या मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्यात, त्या व्यसनाच्या फलकाच्या जागी लावायला हवा.

दुसरी काळजी माहितीची. मुलगा गेममध्ये काय निवडतो, कुठं अडतो, मनःस्थितीच्या नोंदीत काय लिहितो, हे सगळं कुठंतरी साठतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर कारवाई केली. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप होता आणि ७८ लाख डॉलर ग्राहकांना परत करायचं ठरलं. आपल्याकडं २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पण आरोग्य आणि शिक्षण संस्थांना नियमांत काही सवलती मिळाल्या आहेत. त्या सवलतींच्या आडून कुणी मुलांच्या मनाचा व्यापार करू नये, म्हणून राज्यानं आपल्या करारात केंद्रापेक्षा कडक अटी घालाव्यात. माहिती शाळेच्या मुख्याध्यापकांकडं जाणार नाही, क्लासच्या मालकाकडं जाणार नाही, रँक ठरवायला वापरली जाणार नाही, मूल शाळा सोडून गेलं की पुसली जाईल, हे लेखी हवं. गावाकडं एक फोन घरात चौघांचा असतो. मुलीनं त्यात लिहिलेली मनाची नोंद भाऊ वाचणार हे गृहीत धरूनच बोललं पाहिजे. त्यासाठी शाळेत, समुपदेशकाच्या खोलीत राहणारे, इंटरनेटशिवाय चालणारे चार-पाच टॅब प्रत्येकाच्या फोनवरच्या ॲपपेक्षा कितीतरी सुरक्षित.

खरेदीबद्दल थोडं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जून २०२० मध्ये ‘एन्डेव्हर-आरएक्स’ या गेमला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याची परवानगी दिली. अवधान-न्यूनता (एडीएचडी) असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. जगभर बातमी झाली. त्यामागच्या ३४८ मुलांच्या चाचणीत, संगणकावरच्या एकाग्रतेच्या परीक्षेत गेम खेळणारी मुलं पुढं गेली हे खरं. पण पालकांनी घरी पाहिलेली सुधारणा, तुलनेसाठी शब्दांचा साधा गेम दिलेल्या मुलांतही तितकीच होती. म्हणजे ज्या आईला मूल जेवताना जागेवर बसायला हवंय, तिच्या दृष्टीनं फरक काय पडला, हा प्रश्न उरतोच. अशा अहवालांची शेवटची पानं वाचणारं माणूस आपल्या खरेदी समितीवर असू द्या. हा गेम बनवणारी कंपनी पुढं २०२३ मध्ये चिठ्ठीचा मार्ग सोडून गेली आणि २०२४ मध्ये विकली गेली. ‘वोबॉट’ हा गाजलेला समुपदेशनाचा चॅटबॉट ३० जून २०२५ रोजी बंद झाला. उपचार अर्धवट राहिलेल्या मुलांनी मग काय करायचं? म्हणून जे साधन राज्याच्या पैशानं घ्याल किंवा बनवाल, त्याचा कोड आणि मराठी मजकूर राज्याच्या मालकीचा असावा. कंपनी उद्या गेली तरी मुलांच्या हातातलं साधन जाता कामा नये. आभासी वास्तवाच्या महागड्या चष्म्यांच्या मागं आत्ता लागू नका. भीतीच्या विकारांवर त्यांचं काम चांगलं आहे, पण जिथं समुपदेशकाला बसायला खोली नाही तिथं ते कपाटात पडून राहतील.

आणि आता मूळ मुद्दा, माणसांचा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी. कोचिंग क्लास आणि हॉस्टेलही त्यात आले. लातुरात ही सूचना किती ठिकाणी अमलात आली आहे, ते आपल्या निरीक्षकांनी एकदा फिरून बघावं. माझी भीती अशी, की या समुपदेशकाच्या जागी ॲपची पावती दाखवली जाईल. तसं होऊ देऊ नका. शासन निर्णयात एक वाक्य स्वच्छ लिहा: डिजिटल साधन हे समुपदेशकाच्या नेमणुकीला पर्याय धरलं जाणार नाही.

त्या समुपदेशकांना गेम कळायला हवेत, हेही तितकंच महत्त्वाचं. आमच्या अभ्यासक्रमात गेम आले ते फक्त व्यसनाच्या धड्यात. मुलगा ‘स्क्वॉड’ म्हणाला, ‘रँक पुश’ म्हणाला, ‘स्किन’ म्हणाला की अनेक चांगले समुपदेशक गोंधळतात आणि मुलगा गप्प होतो. नोकरीत असलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षणात दोन दिवस नुसते मुलांबरोबर खेळायला बसवा. शिकवायला मुलंच येतील, आणि आनंदानं येतील.

सुरुवातीला सगळ्या राज्यात एकदम काही करू नका. एक लातूरसारखं कोचिंगचं शहर, एक नंदुरबार किंवा गडचिरोलीतली आश्रमशाळा, एक मुंबई महापालिकेची शाळा, आणि ग्रामीण रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची एक-दोन मैत्री क्लिनिकं घ्या. आश्रमशाळेत पावरी, भिली, गोंडी, माडिया बोलणारी मुलं असतील. तिथं लिहिलेल्या मजकुरापेक्षा आवाज आणि चित्रं लागतील, हे आराखडा करतानाच धरा. गेमची गोष्ट त्या त्या ठिकाणच्या मुलांना बसवून लिहून घ्या. शाळेच्या वर्षभर चालवा. किती मुलं आली, किती टिकली, किती जणांना पुढं डॉक्टरांकडं पाठवावं लागलं, कुणाला काहीच उपयोग झाला नाही, हे सगळं मराठीत प्रसिद्ध करा, फसलेलं सुद्धा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या मुलांबद्दलची आपली माहिती अजून तोकडी आहे, आणि या कामातून तीही थोडी भरून निघेल.

लातुरातल्या चाचणीसाठी मी आणि इथं काम करणारे माझे सहकारी आठवड्यातला ठरावीक वेळ विनामोबदला द्यायला तयार आहोत. आपल्या विभागाकडून कुणी बोलवलं तर मुलांची परवानगी घेऊन, त्यांची नावं न सांगता, आमचा अनुभव मांडायलाही येऊ. डिसेंबरनंतर इथली मुलं परीक्षेच्या तणावात पूर्ण बुडालेली असतात, त्यामुळं जे काही करायचं ते जून-जुलैमध्ये, नवी मुलं शहरात येतात तेव्हाच सुरू व्हावं.

आपली विश्वासू,
एक समुपदेशक, लातूर